आपल्या माणसाची गाडी

आमच्या लोधीखेड्यात जुनी गाडी घ्यायची म्हटलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "आपल्याच माणसाची गाडी आहे, पाहायचं काय त्यात?" ऐकायला हा दिलासा वाटतो, पण प्रत्यक्षात ती तपासणीवर घातलेली बंदी असते. हे वाक्य एकदा उच्चारलं गेलं की बोनेटकडे गेलेला हात मागे येतो, कागद मागायला उघडलेलं तोंड मिटतं आणि चार-पाच लाखांचा व्यवहार चहा संपायच्या आत पक्का होतो. मी हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, सौंसरच्या बाजारात ऐकलं आहे आणि माझ्या स्वतःच्या ओसरीवर ऐकून मान डोलावली आहे. आता ते ऐकून घेण्याची माझी तयारी उरलेली नाही.

या मताची माणसं काय म्हणतात, ते आधी त्यांच्याच शब्दांत मांडतो. बाहेरच्या दलालाकडून घेतली तर फसवणूक ठरलेली. ओळखीत घेतली तर माणूस आपल्याला कशाला बुडवेल? गाडी एकाच हाताची असावी, डॉक्टरची नाहीतर मास्तरची असली तर उत्तम. मीटर कमी चाललेलं असावं. मिस्त्रीला एक चक्कर मारायला लावावी, इंजिनचा आवाज ऐकावा, झालं. कागदांचं एजंट पाहून घेतो. एवढं करूनही गाडी खराब निघाली तर नशीब, कारण जुनी गाडी म्हणजे जुगारच. आणि जो सीट उचलून पाहतो, बिलं मागतो, चार प्रश्न जास्त विचारतो, तो संशयी माणूस. अशा माणसाशी व्यवहारच नको.

यातलं एकही वाक्य मी वाढवून सांगितलेलं नाही. लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, पांढुर्णा, कुठेही विचारा, हेच ऐकायला मिळेल. समंजस माणसं हे बोलतात, म्हणून ते खरं वाटतं. मलाही वाटलं होतं.

२०२४ च्या मार्चमध्ये मृग बहाराच्या संत्र्यांचे पैसे हाती आले आणि घरात गाडीचा विषय निघाला. मेहुण्याने नागपुरातली एक पांढरी पेट्रोल गाडी सांगितली, पाच वर्षांची, त्याच्या मित्राची. "भाऊजी, माझ्या माणसाची गाडी आहे, तुम्ही निश्चिंत राहा." आम्ही गेलो. गृहस्थ सज्जन होते, पोहे-चहा झाला. गाडी आरशासारखी चमकत होती, आत अत्तराच्या बाटलीचा वास होता. आरसीवर एकच मालक दिसत होता. मी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला पायाने ठोकून पाहिलं आणि पैसे दिले. बोनेट उघडायला मला लाज वाटली. त्या घरातल्या वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी आत्ताच आम्हाला खाऊ घातलं होतं, आणि त्यांच्यासमोर मी त्यांच्या गाडीत खोट शोधायची? ते मला जमलं नाही.

जुलैमध्ये पावसाला जोर चढला तशी गाडीच्या ब्लोअरमधून कुबट वास येऊ लागला. मग मागच्या दाराची काच वर जाईना. मग मीटरवरचे दिवे आपोआप लागायचे, विझायचे. एके रात्री नागपूरहून परतताना केळवदच्या पुढे गाडी रस्त्यातच बंद पडली. आत म्हातारी आई होती, मुलगी होती, बाहेर पाऊस होता. ट्रॅक्टरला बांधून गाडी आणली. दुसऱ्या दिवशी सौंसरच्या मिस्त्रीने पुढची सीट काढली, खालचा गालिचा उचलला आणि त्याखालच्या फेल्टवर बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. बोटावर राखाडी, पिठासारखी बारीक माती होती. सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट गंजलेले होते. वायरींच्या जोडावर हिरवट थर आला होता. मग त्याने सीटबेल्ट हातात घेतला आणि ओढत राहिला, आपण रोज ओढतो त्याच्या पुष्कळ पुढे, पार संपेपर्यंत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती. तळ्याच्या भिंतीवर पाणी उतरल्यावर राहते तशी.

"भाऊ, हे गाडी पाण्यात बुडेल होती," तो म्हणाला.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी वस्त्यांमध्ये शिरली, मोरभवनच्या बसस्थानकात एसटी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. हे सगळं आम्ही टीव्हीवर पाहिलं होतं, नातेवाइकांना फोन केले होते. त्या रात्रीला सहा महिने पुरे होण्याआधी मी त्याच शहरातून गाडी विकत घेत होतो, आणि या दोन गोष्टी माझ्या मनात एकदाही शेजारी आल्या नाहीत. गाडी 'आपल्या माणसाची' नसती, तर मी नक्की विचारलं असतं की बाबा, सप्टेंबरात ही कुठे उभी होती?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. त्या सज्जन माणसाने मला फसवलं का? नाही. त्यांनी ती गाडी डिसेंबरात घेतली होती, त्यांच्याही ओळखीच्या माणसाकडून, त्यांनीही न तपासता. त्यांना ठाऊक नव्हतं. जे त्यांना ठाऊक नव्हतं ते त्यांनी मला सांगितलं नाही, यात त्यांचा दोष कोणता? आमच्याकडचा सगळा युक्तिवाद इथेच कोसळतो. माणूस खोटं बोलणार नाही, हे मान्य. पण माणूस खरा असल्याने त्याला गाडीच्या आतलं कळतं, हे कुठून आलं? गालिच्याखाली काय आहे हे पाहिलेलं नसताना माझा सख्खा भाऊसुद्धा मला ते सांगू शकत नाही. ओळखीची साखळी जितकी लांब, तितके न पाहणारे डोळे जास्त. माझ्या बाबतीत ते सहा होते, माझे धरून.

आणि तो 'एकच मालक'? आरसीवर पहिल्या मालकाचं नाव होतं ते याचसाठी, की डिसेंबरातल्या व्यवहाराची नोंद कुणी केलीच नव्हती. सहीचे कोरे फॉर्म गाडीबरोबर हातोहात फिरत होते. आरसीवर पहिला मालक दिसणं याचा अर्थ एवढाच, की कार्यालयात बदल नोंदलेला नाही. गाडी किती हातांतून गेली, हे तो कागद आपोआप सांगत नाही. 'फर्स्ट ओनर' शब्द ऐकून जे खूश होतात, त्यांनी समोर उभा असलेला विक्रेता आणि आरसीवरचं नाव एकच आहे का, एवढं तरी पडताळावं. आधार कार्ड मागावं. मागितल्याने कुणाचं काय झिजतं?

इथे मला हमखास उत्तर मिळतं की बाप्पा, असं विचारणं बरं दिसत नाही. या 'बरं दिसत नाही'वर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण खरी अडचण तीच आहे.

आमचे आजोबा बैल घ्यायला बाजारात जात. विकणारा बहुतेक वेळा पंचक्रोशीतलाच असे, कधी सोयराही. आजोबा बैलाचा ओठ वर करून दात मोजत. खूर उचलून पाहत. खांद्यावरून हात फिरवून जुनं आवाळू आहे का ते चाचपत. मग त्याला चालवून बघत आणि जमलं तर औताला जुंपून बघत. या सगळ्यात विकणाऱ्याचा अपमान होत नसे. उलट बैल न पाहता दोर हातात घेणाऱ्याला तोच म्हणाला असता की अहो, आधी पाहून तर घ्या. व्यवहार झाला की बाजाराची पावती फाडली जाई, कारण वाटेत कुणी अडवलं तर बैल कुणाचा हे दाखवावं लागे. हे करणारी माणसं निरक्षर होती. त्यांच्या नातवंडांना बोनेट उघडताना लाज वाटते!

आजही कलमं घेताना आम्ही काय करतो? रोपवाटिकेचा मालक कितीही ओळखीचा असो, खुंट जंबेरीचा की रंगपूर लिंबाचा हे विचारतो, कलम जमिनीपासून किती उंचीवर बांधलंय ते पाहतो, मुळं पाहतो. कारण चूक झाली तर पाच-सात वर्षांनी बाग सांगते. बागेचा सौदा करायला आलेला व्यापारी झाडाझाडाखालून फिरतो, फांदी हलवतो, फळाचा अंदाज घेतो. त्याने आपली बाग पाहिली म्हणून आपण रागावतो का? मग जी वस्तू आपल्या मुलाबाळांना घेऊन ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने रस्त्यावर धावणार आहे, तिच्याच बाबतीत ही भीड आली कुठून? भीड भिकेची बहीण, हे आपल्याच भाषेने सांगून ठेवलं आहे.

आणि ही भीड फक्त घेणाऱ्याला बुडवते असंही नाही. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक शोधनिबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला कळतं आणि घेणाऱ्याला कळत नाही, तेव्हा घेणारा सरसकट मधली किंमत देतो. मधल्या किमतीला वाईट गाडीवाला आनंदाने विकतो, पण ज्याने गाडी जिवापाड जपली, प्रत्येक सर्व्हिसचं बिल ठेवलं, त्याला ती किंमत परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो. मागे खराब माल उरतो. म्हणजे पुरावा न मागणारा माणूस स्वतः तर फसतोच, शिवाय प्रामाणिक विकणाऱ्याच्या मेहनतीवर पाणी फिरवतो. ज्याने बिलांची फाइल जपून ठेवली, ती कुणी उघडून पाहावी असं त्याला वाटत नसेल का? फाइल मागणं हा त्याचा सन्मान आहे. ज्याला ते मागणं झोंबतं, त्याच्याकडे फाइल नसते.

मीटरचं सांगतो आणि पुढे जातो, कारण यावर वेळ घालवण्यासारखं फारसं नाही. मीटरवरचा आकडा हा पुरावा नाही. डिजिटल मीटर आलं म्हणजे फेरफार थांबला, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते मनातून काढून टाकावं. यंत्र जोडून आकडा काही मिनिटांत मागे घेता येतो. आकडा मागे जातो, पण पायाने झिजवलेलं ब्रेकच्या पेडलचं रबर मागे जात नाही. स्टिअरिंगला आलेली गुळगुळीत चकाकी, चालकाच्या सीटची बसलेली कड, गिअरच्या मुठीवरची पुसलेली अक्षरं, ही बोलतात. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. २२२३ असेल तर तो टायर २०२३ च्या बाविसाव्या आठवड्यातला. मीटर वीस हजार सांगतं आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे आहेत? मग पहिले टायर कुठे झिजले? हिशेबही करून पाहावा. आमच्याकडून नागपूरची जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरची फेरी धरली, तरी आठवड्याला दोन फेऱ्यांचे वर्षाला १३ हजार किलोमीटर होतात. सात वर्षं अशा फेऱ्या केलेल्या माणसाच्या गाडीचं मीटर चाळीस हजारांवर कसं? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक भेटीला मीटरचा आकडा नोंदलेला असतो. मालकाला बरोबर घेऊन जा, नोंद मागा.

शिवाय कमी चाललेली गाडी चांगलीच, हे तरी कुणी ठरवलं? एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. शहरात दोन किलोमीटरवर शाळेत मुलं सोडणारी 'फक्त पंधरा हजार चाललेली' डिझेल गाडी ही जाळी तुंबवून बसलेली असू शकते, आणि तो खर्च ऐकून घेणाऱ्याला घाम फुटतो. महिनोन्‌महिने अंगणात उभ्या गाडीची रबरं कडक होतात, ब्रेक धरतात. नियमित चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली, नव्वद हजारांची गाडी मी डोळे मिटून... नाही, डोळे उघडे ठेवूनच, पण आधी घेईन.

मिस्त्रीबद्दल मात्र मला चीड येते, आणि ती मिस्त्रीवर नाही. आम्ही त्याला रस्त्यात गाठतो, "भाऊ, जरा पाहून दे," म्हणतो, तो पाच मिनिटं कान लावतो, "ठीक आहे," म्हणतो, आणि पुढे गाडी बिघडली की त्याच्या नावाने बोटं मोडतो. पाच लाखांची वस्तू घेताना ज्या माणसाच्या ज्ञानावर सगळं अवलंबून आहे, त्याला आपण एका चहाची किंमत देतो! त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. गाडी त्याच्या खड्ड्यावर किंवा लिफ्टवर चढवू द्या. आदल्या रात्री विक्रेत्याला सांगा की सकाळी गाडी सुरू करू नका, आणि गेल्यावर आधी बोनेटला हात लावून पाहा. कोमट लागलं तर विचारा, का? थंड इंजिन सुरू होतानाच खरं बोलतं. धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय, पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर तिथेच परत फिरा.

अपघाताची गाडी ओळखायला तर मिस्त्रीशिवाय पर्याय नाही. पुढच्या मडगार्डांचे आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट पाहा. कारखान्यातल्या बोल्टवर रंगाचा थर सलग असतो. पाना लागलेल्या बोल्टचे कोपरे उघडे पडतात. एक साधी गोष्ट कुणीच पाहत नाही, ती सांगतो. चावी फिरवल्यावर मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड आहे हे कळतंच. पण लागलाच नाही तर? तर कुणीतरी तो दिवा बंद करून ठेवलेला असू शकतो, आणि स्टिअरिंगमधली एअरबॅग एखाद्या टकरीत फुटून गेलेली असू शकते, जागा रिकामी असू शकते. १ जुलै २०१९ आधीच्या गाड्यांमध्ये तर चालकासमोरची एअरबॅग सक्तीचीच नव्हती. स्वस्तातलं मॉडेल असेल तर एकही नसेल. 'घरच्यांसाठी गाडी घेतोय' म्हणणाऱ्यांपैकी किती जण हे विचारतात?

आता कागद. "एजंट पाहून घेतो" हे वाक्य आमच्या भागात सगळ्यांत महाग पडतं, आणि त्याला कारण आमचा भूगोल आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली, विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला, छिंदवाड्याबरोबर सौंसर आणि पांढुर्णा इकडे मध्य प्रदेशात राहिले. सोयरिकी तुटल्या नाहीत, भाषा तुटली नाही, दवाखाना आणि बाजार आजही नागपूरचाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमचा जिल्हा पांढुर्णा झाला, तरी बहुतेकांच्या पाटीवर अजून एमपी २८ आहे आणि निम्म्या अंगणांत एमएच ३१, ४०, ४९ च्या गाड्या उभ्या आहेत. मेहुण्याची, भाच्याची, व्याह्यांची. आपल्याला वाटतं, सावनेर ते सौंसर, अंतर ते किती? पण मोटार वाहन कायद्याच्या लेखी ते दुसरं राज्य आहे. तिथल्या आरटीओची एनओसी लागते. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो, इथला उरलेल्या वर्षांचा कर भरावा लागतो. घेणाऱ्याने तीस दिवसांत मालकी बदलाची खबर द्यायची असते. हा कर सौद्याच्या वेळी कुणी बोलत नाही आणि नंतर तोच भांडणाचं मूळ होतो. गाडी स्वस्त पडली म्हणता, तेव्हा या रकमा त्यात धरल्या होत्या का?

दिल्लीहून येणाऱ्या गाड्यांनाही हेच लागू. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध आणले, म्हणून त्या खाली स्वस्तात सुटू लागल्या. किंमत कमी असण्याचं कारण कळलं म्हणून गाडी आपोआप चांगली ठरत नाही. तिचा चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी जुळवल्याशिवाय, एनओसी हातात आल्याशिवाय, बँकेचा बोजा उतरल्याची नोंद पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. गाडीचा नंबर टाकला की कर्ज, विमा, फिटनेस, कितवा मालक, हे परिवहन खात्याच्या ॲपवर घरबसल्या दिसतं. मोबाइल तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

विमाही तसाच. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे तो आपल्याकडे येत नाही. पण जुनी पॉलिसी मागून पाहायला हवी. पाच-सहा वर्षांच्या गाडीवर तो बोनस शून्य का, हा प्रश्न विचारला तर अपघाताची गोष्ट बाहेर येऊ शकते. आणि गाडी आपल्या नावावर झाली पण पॉलिसी जुन्याच नावावर राहिली, तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते.

विकणाऱ्यांना वाटत असेल की हे सगळं घेणाऱ्याचं दुखणं आहे. त्यांनी 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समजून घ्यावा. पहिल्या मालकाने २००७ मध्ये गाडी विकली. ती हातोहात पुढे गेली, नाव कुणीच बदललं नाही. २००९ मध्ये त्या गाडीखाली एक जीव गेला. ६ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. ज्याने गाडी अपघाताच्या दोन वर्षं आधी विकून टाकली होती, त्याची! कोऱ्या फॉर्मवर सही करून "आपलाच माणूस आहे, करेल नाव नंतर" म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर ही टांगती तलवार आहे. तुमच्या नावाची गाडी आज कुठल्या रस्त्यावर, कुणाच्या हातात आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मेहुण्याच्या त्या मित्राला गाडी देणाऱ्या पहिल्या मालकाला, मी नाव बदलून घेईपर्यंत, ते ठाऊक नव्हतं.

मग दलाल बरा का? तसं मी म्हणत नाही. दलालालाही हेच प्रश्न विचारायचे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन खात्याचं अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची खबर मालकाने खात्याला द्यायची असते. ते पत्र दाखवा म्हणावं. फरक एवढाच, की दलालाला हे विचारताना आपली जीभ अडखळत नाही. परक्याच्या बाबतीत आपण शहाणे असतो, म्हणून कधीकधी वाचतो. आपल्या माणसाच्या बाबतीत शहाणपण बाहेर चपलांजवळ ठेवून आत जातो.

राहिला 'जुगार' आणि 'नशीब'. या शब्दांची मला सर्वांत जास्त चीड आहे, कारण ते आपल्याला सगळ्या जबाबदारीतून मोकळं करतात. जुगारात पत्ता उलटा असतो आणि तो आधी पाहायला मनाई असते. इथे पत्ता पाहायला कुणाची मनाई होती? गालिचा उचलता येत होता. बेल्ट ओढता येत होता. आरसीवरचं नाव वाचता येत होतं. नागपूरच्या त्या अंगणात मला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मी भिडेला दिली आणि त्यापायी एका वर्षाच्या बहाराचा मोठा वाटा वायरिंगमध्ये घातला. पाण्यातून निघालेल्या गाडीचं वायरिंग कधीच पुरतं बरं होत नाही, हे मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तसंच झालं.

मेहुण्याचं आणि माझं त्यानंतर सहा महिने नीट बोलणं नव्हतं. ज्या नात्याखातर मी गाडी तपासली नाही, तेच नातं त्या गाडीने आंबवलं. तपासली असती तर फार तर दोन मिनिटांचा अवघडलेपणा आला असता आणि पुढच्या दिवाळीला आम्ही एका ताटात जेवलो असतो. नातं जपायचं म्हणून तपासू नका, असं सांगणाऱ्यांना मी हे उत्तर देतो.

संत्र्यांचे पैसे येण्याचे दिवस आले की पुन्हा गाड्यांच्या गोष्टी सुरू होतील. कुणीतरी तुम्हालाही नागपुरात, सावनेरात, पांढुर्ण्यात आपल्या माणसाची गाडी दाखवायला नेईल. पोहे खा, चहा घ्या, घरच्यांची विचारपूस करा. मग उठा, पुढच्या सीटवर बसा आणि सीटबेल्ट ओढा. अडकल्यासारखा वाटला तरी थांबू नका, पार संपेपर्यंत ओढा आणि त्याचा शेवटचा हातभर पट्टा उजेडात धरून पाहा.